पाय नाही, नाक दमवा

वेताळ टेकडीवर आमच्या कुत्र्याला, बंड्याला घेऊन गेलो की कुणीतरी हमखास विचारतं, "नसबंदीनंतर ह्या वादळाला घरात शांत ठेवलंत कसं?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

पहिली रात्र दिसते तेवढी अवघड नसते. भूल उतरत असते, कुत्रं झिंगल्यासारखं चालतं, कुंईकुंई करतं, थोडंसं खाऊन झोपतं. कस लागतो दोन-तीन दिवसांनी. दुखणं कमी झालेलं, अंगातली रग तीच, आणि जखम मात्र कच्ची. ती भरायला दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढ्यात सोफ्यावर उड्या, जिन्यात धावाधाव झाली तर टाके उसवू शकतात, किंवा आत रक्त साकळून अंडकोषाची पिशवी टम्म फुगते.

मग करायचं काय? त्याचं नाक कामाला लावायचं. आम्ही जेवणाचं भांडंच बंद केलं. खाण्याचे दाणे जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवायचे, पोकळ रबरी खेळण्यात दही-भात भरून फ्रीजरमध्ये ठेवायचा. तो चाटत बसला की घरात शांतता. शू-शीला आखूड पट्ट्यावर खाली न्यायचं, पण घाई करायची नाही. कुंपणाचा एकेक खांब मनसोक्त हुंगू द्यायचा. हुंगण्यानं कुत्रं दमतं, आणि टाक्यांवर ताणही येत नाही. एवढं करूनही ऐकत नसेल तर डॉक्टरांकडून शांत राहायची गोळी मागून घ्यावी, त्यात कमीपणा कसला? आपल्या डब्यातली आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल मात्र कधीही नाही; कुत्र्यांना ती विषासारखी बाधते.

जखम चाटता येऊ नये म्हणून गळ्यात घातलेला शंकूसारखा कोन बघून आईचा जीव तुटायचा. "चाटू दे रे, लाळेनं बरं होतं, नाहीतर हळद तरी लाव." दोन्ही नाही. चाटून टाके निघतात, जखम चिघळते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय जखमेला काही लावायचंही नाही. टाके निघेपर्यंत आंघोळ बंद, पावसात भिजणं बंद. सूज वाढली, पू किंवा वास आला, खाणंच सोडलं, तर फोनवर सल्ले गोळा करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

तळमजल्यावरचे काका म्हणाले, "रस्त्यावरच्या कुत्र्यांना कुठे एवढे लाड?" अहो, त्यांनाही ऑपरेशननंतर पिंजऱ्यात ठेवून, जखम बघूनच सोडतात. शिवाय त्यांच्यापुढे बॉल टाकणारी सोसायटीतली पोरं नसतात!

नर असेल तर आणखी काही आठवडे नसबंदी न झालेल्या माद्यांपासून लांब ठेवा, कारण तेवढा काळ पिल्लं होऊ शकतात. आणि तो एकदम साधू होईल ही आशा सोडा. भटकणं, जागोजागी तंगडी वर करणं बरंच कमी होतं, पण मस्ती वयाची असते, ती राहते. शरीराला लागणारं खाणं मात्र कमी होतं, भूक कमी होत नाही. तेव्हा टेकडीवर ग्लुकोजची बिस्किटं वाटणाऱ्या आजोबांना आधीच सांगून ठेवा.