वाटीतली तामार

रविवारी भेळेची आंबटगोड चटणी करण्यासाठी खजुराच्या बिया काढत बसलो असताना मला ‘तामार’ हे नाव आठवले. हिब्रू भाषेत तामार म्हणजे खजूर, आणि बायबलच्या काळापासून ते मुलींचे नाव म्हणून चालत आले आहे. आपल्याकडे जाई, शेवंती अशी फुलांची नावे मुलींना सर्रास ठेवतात; फळापर्यंत मात्र सहसा कोणी जात नाही.

खजुरीत नरझाड वेगळे आणि मादीझाड वेगळे असते, फळ फक्त मादीलाच धरते, म्हणून हे नाव मुलीला शोभते असे मला वाटते. इस्राएलमध्ये मसादाच्या किल्ल्यात सापडलेली सुमारे 2000 वर्षांपूर्वीची बी 2005 साली पेरली आणि ती चक्क रुजली. पण झाड निघाले नर. पुढे तशाच जुन्या बियांतून मादीझाड उगवले, त्याला या नराचे पराग दिले, तेव्हा कुठे 2020 साली खजूर हाती आला.

बायबलमधली पहिली तामार मात्र झाडासारखी एका जागी उभी राहणारी नव्हती. दोन नवरे गेल्यावर सासरा यहूदा याने धाकट्या मुलाशी लग्न लावण्याचे वचन देऊन तिला माहेरी धाडले आणि वचन पाळलेच नाही. तेव्हा ती तोंडावर बुरखा घेऊन वाटेवर बसली. वेश्या समजून जवळ आलेल्या सासऱ्याकडून तिने त्याची मुद्रा, गोफ आणि काठी तारण म्हणून ठेवून घेतली. ती गरोदर असल्याचे कळताच तिला जाळण्याचा हुकूम देणाऱ्या यहूदापुढे याच तीन वस्तू आल्या, आणि ‘ती माझ्यापेक्षा नीतिमान आहे’ असे त्याला कबूल करावे लागले. दावीद राजा तिच्याच वंशातला. त्याच्या एका मुलीचे नावही तामार होते.

अरबीत खजुराला ‘तम्र’ म्हणतात. शब्द त्याच कुळातला. चिंचेचा तपकिरी, चिकट गर पाहून अरबांनी तिला ‘तम्र हिंदी’, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर म्हटले, आणि त्यावरूनच इंग्रजांचे ‘टॅमरिंड’ झाले. चिंचेला खजूर म्हणणाऱ्याने ती चाखून पाहिली होती की नाही, कोण जाणे!

एव्हाना चिंचेचा कोळ गाळून झाला होता. मी त्यात खजूर कुस्करला, गूळ घातला आणि पातेले मंद आचेवर ठेवले.