सिग्नल आला की पिकअप बंद

आज अख्खी सकाळ पिकअपने खाल्ली. रस्त्याला लागला की मस्त पळतो, पण सिग्नलला पाय काढला की फुस्स... आणि मागे कांदा भरलेला, त्यात लोकांचे हॉर्न. एकजण म्हणाला इंजेक्टर, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारे, गेले, खर्च ऐकूनच घाम फुटला. म्हटलं आधी आपणच बघू, डिझेल फिल्टरमधलं पाणी काढलं, फरक शून्य. मग फिल्टरच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा जोडला तर आत बुडबुडेच बुडबुडे! टाकीकडून येणारा रबरी पाइप क्लिपखाली केसाएवढा चिरलेला, बाहेर थेंब नाही कारण तिथे पंप ओढतो ना, हवाच आत जाते. टोक कापलं, नवी क्लिप आवळली, डिझेल चढवायचा हातपंप कडक होईपर्यंत दाबला. आता अर्धा तास झाला दारात उभा धडधडतोय, बायको म्हणते बंद करा की, डिझेल काय फुकट येतं का 😄