नर किती, मादी किती? गांडुळांच्या अभ्यासाची परवानगी मिळवताना आलेला अनुभव

उसाचे शेत, त्याच्या वरच्या अंगाला असलेली देवराई आणि देवराईमागचे राखीव जंगल या तीन ठिकाणच्या मातीत कोणकोणती गांडुळे आहेत, याची तुलना करण्याचे काम आमच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागातर्फे मी हाती घेतले होते. त्या कामाचा जवळजवळ सगळा पावसाळा एका अर्जातल्या दोन रकान्यांनी खाल्ला. मातीतल्या जिवांवर काम करू इच्छिणाऱ्यांना तोच त्रास पुन्हा होऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

शेताचा प्रश्नच नव्हता. "दानवं (म्हणजे गांडुळं) बघायची तर बघा, पण सरी मोडू नका," एवढे सांगून शेतकऱ्यांनी होकार दिला. देवराईसाठी ग्रामपंचायतीला आणि जैवविविधता व्यवस्थापन समितीला पत्र दिले. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार अशी समिती प्रत्येक स्थानिक संस्थेत असणे अपेक्षित आहे आणि या गावात ती खरोखर काम करत होती. चपला बाहेर काढायच्या आणि उपसलेली माती त्याच खड्ड्यात परत भरायची, या दोन अटींवर ठराव झाला.

राखीव जंगलासाठीचा अर्ज मात्र मोठे वन्यप्राणी डोळ्यांपुढे ठेवून तयार केलेला होता. त्यात गोळा करावयाच्या प्रजातीचे नाव, नगसंख्या आणि तिच्याखाली 'नर' व 'मादी' असे दोन स्वतंत्र रकाने होते. गांडूळ उभयलिंगी असते, प्रत्येक प्रौढ गांडुळाच्या शरीरात दोन्ही प्रकारची जननेंद्रिये असतात, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकातही आहे. म्हणून मी दोन्ही रकान्यांवर आडवी रेघ ओढून 'उभयलिंगी' असे लिहिले. बऱ्याच दिवसांनी अर्ज 'त्रुटी' असा शेरा मारून परत आला. चौकशीला गेल्यावर सांगण्यात आले, "मॅडम, रकाना रिकामा असला की अर्ज पुढे सरकत नाही. शून्य टाका." शून्य टाकले तर नर आणि मादी मिळून येणारी बेरीज नगसंख्येशी जुळेना, आणि त्या कारणाने अर्ज पुन्हा परत आला.

प्रजातीच्या नावाचे त्रांगडे याहून मोठे होते. भारतात गांडुळांच्या चारशेहून अधिक प्रजातींची नोंद आहे आणि पश्चिम घाटाच्या मातीत अशा अनेक प्रजाती आहेत, ज्या बाहेर कुठेच सापडत नाहीत. ठरावीक जंगलाच्या जमिनीखाली त्यांतल्या कोणत्या आहेत, हे शोधायचे होते म्हणूनच तर परवानगी हवी होती. शिवाय गांडुळाची प्रजाती नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. जननछिद्रे कितव्या वलयावर आहेत हे भिंगाखाली मोजावे लागते, अनेकदा शरीर उघडून आतली रचना पाहावी लागते, आणि हे सगळे अंगावर जाडसर पट्टा आलेल्या प्रौढ गांडुळातच शक्य असते. हे मी लेखी कळवले. त्यावर उत्तर मिळाले की, गांडुळेच हवी असतील तर ती गांडूळखताच्या प्रकल्पातून घ्यावीत, तिथे ती किलोवर मिळतात.

या उत्तराचा मला आजही राग येतो, कारण गांडूळखताच्या वाफ्यातली गांडुळे आणि रानातली गांडुळे यांची राहणी पूर्णपणे वेगळी असते. वाफ्यात सोडतात ती आयसेनिया फेटिडा किंवा मूळची आफ्रिकेतली युड्रिलस युजिनी ही शेण आणि कुजका पाला यांत, म्हणजे जमिनीच्या वरच राहणारी आहेत. मातीत आडवीतिडवी बिळे करत मातीच खाणारी गांडुळे वेगळी, आणि खोल उभी बिळे करून वरचा पाचोळा खाली ओढून नेणारी आणखी वेगळी. मार्सेल बूशे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात केलेली ही त्रिविध विभागणी जगभर वापरली जाते. पाणी मुरणे, मुळांना हवा मिळणे आणि पाचोळ्यातले अन्न खाली उतरणे या गोष्टी मागच्या दोन गटांवर जास्त अवलंबून असतात, आणि ते गट विकत मिळत नाहीत.

या सगळ्यात वेळ जात होता, आणि वेळ हाच या कामातला सर्वांत नाजूक भाग आहे. पाऊस ओसरून माती वाळू लागली की जंगलातली बरीचशी गांडुळे खोल जातात आणि स्वतःभोवती ओलसर कोठडी करून, अंगाची गुंडाळी करून पुढच्या पावसापर्यंत निपचित पडून राहतात. उसाला पाणी बारमाही असल्यामुळे तिथली गांडुळे जानेवारीतही वरच सापडतात. परवानगी हिवाळ्यात मिळाली असती तर शेताचा खड्डा भरलेला, जंगलाचा खड्डा रिकामा आणि शेताची माती जंगलापेक्षा समृद्ध, असा धडधडीत खोटा निष्कर्ष आमच्या नावावर लागला असता. हे मी कार्यालयात जितक्या वेळा समजावले तितक्या वेळा "नियमानुसार होईल" एवढेच ऐकले.

गाठ सोडवली ती जंगलात रोज फिरणाऱ्या एका वनपालांनी. जनावर मागू नका, माती मागा, असे त्यांनी सुचवले. आम्ही मूळ अर्जाला परिशिष्ट जोडले. त्यात खड्ड्याचे माप २५ × २५ सेंटिमीटर आणि खोली ३० सेंटिमीटर, खड्ड्यांची संख्या, त्यांच्या जागा दाखवणारा नकाशा आणि माती जागेवरच चाळून परत भरण्याची हमी दिली. प्रजातीच्या रकान्यात घाटात अपेक्षित असलेल्या कुळांची नावे लिहिली आणि नर-मादीच्या रकान्यात 'परिशिष्ट पाहावे' असे लिहिले. रकाना रिकामा राहिला नाही आणि बेरजेचा प्रश्नही मिटला. सप्टेंबर संपत आला असताना परवानगीचे पत्र हातात आले, तेव्हा माती अजून ओली होती. त्या दिवशीचे समाधान शब्दांत सांगणे कठीण आहे.

खड्ड्याच्या या मापाचा आणखी एक फायदा आहे. सापडलेल्या संख्येला १६ ने गुणले की एका चौरस मीटरचा आकडा मिळतो आणि इतर देशांतल्या नोंदींशी तुलना करता येते. खोल गेलेली गांडुळे वर आणण्यासाठी खड्ड्याच्या तळाशी मोहरीच्या पुडीचे पाणी ओतावे. काही जण फॉर्मॅलिन हे विषारी रसायन वापरतात, पण देवराईत आणि जंगलात ते ओतू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

उसाच्या शेतात आम्हाला गांडुळे भरपूर मिळाली, पण ती बहुतांशी एकाच प्रजातीची होती. शेपटीकडून बोट फिरवले की ब्रशसारखे खरखरीत लागते, कारण तिथले बारीक राठ केस आडव्या-तिडव्या ओळींत ठळक उभे असतात. हे पाँटोस्कोलेक्स कोरेथ्रुरस, मूळचे दक्षिण अमेरिकेतले, जोडीदाराशिवायही प्रजनन करू शकणारे आणि नांगरटीला दाद न देणारे. शेपटीच्या या खुणेमुळे ते अप्रौढ असतानाही ओळखू येते. जंगलात आणि देवराईत संख्या कमी होती, मात्र प्रकार अधिक होते आणि ड्राविडा या देशी वंशाची गांडुळे तिथेच मिळाली. देवराईच्या शेताकडच्या कडेला ती खरखरीत शेपटी पोहोचलेली पाहून मन अस्वस्थ झाले. ज्या शेतकऱ्याने पाचट न जाळता सरीत कुजवले होते, त्याच्या रानात मात्र लँपिटो मॉरिटी हे आपल्याकडचे गांडूळही टिकून होते.

एक गोष्ट आधी सांगायची राहिली. नमुन्याच्या बाटलीत आत टाकायची चिठ्ठी शिसपेन्सिलीनेच लिहावी, कारण शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. डीएनए तपासायचा असेल तर शेपटीचा तुकडा फॉर्मॅलिन लागण्याआधीच शुद्ध अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवावा. आणि अर्ज फेब्रुवारीतच द्यावा, एका पावसाळ्याऐवजी सलग काही पावसाळ्यांसाठी द्यावा आणि प्रत्येक कागदाची पोच घ्यावी.

काम संपल्यावर ओळख पटलेल्या प्रजातींची यादी मी त्याच कार्यालयात जमा केली आहे, म्हणजे पुढच्या अर्जदाराला निदान काही नावे तयार मिळतील. मातीतल्या जिवांसाठीच्या अर्जातून नर-मादीचे रकाने काढून त्या जागी खड्ड्याचे माप विचारावे, अशी लेखी मागणीही सोबत दिली आहे. तिचे उत्तर अजून आलेले नाही आणि मी तिचा पाठपुरावा सोडलेला नाही.