आमची वाटचाल : लेथ, रोलर आणि एक फोन

१९९६ ला सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत साखर कारखान्यांच्या कामासाठी शेड टाकली तेव्हा भांडवल म्हणजे बटाल्याची एक जुनी लेथ आणि आमचे टर्नरमामा. चिप्सचा रंग बघून मामा सांगायचे, टूल घासायला झालंय. ऊस पिळणाऱ्या मिल रोलरचं ग्रूव्हिंग (खाचा पाडणं), एका रोलरकडून दुसऱ्याकडे चोथा नेणारी ट्रॅश प्लेट, रोलर खरवडणारा स्क्रेपर, सगळं त्यांच्या हातचं. ट्रॅश प्लेट रोलरच्या दातात नीट बसली नाही की काय होतं, ते कारखान्यातल्या माणसाला सांगायला नको.

पुढची पंधरा वर्षं बरी गेली. मग एका कारखान्यात पॅनेल बदललं आणि नव्या चेअरमनच्या पाहुण्यांनी फॅब्रिकेशनची फर्म काढली. त्यांच्याकडे साधं ड्रिल मशीनसुद्धा नव्हतं! ऑर्डर त्यांच्या नावावर निघायची, रोलर मात्र रात्री ट्रेलरवरून माझ्याच शेडमध्ये उतरायचा, माझ्या जुन्या दराच्या निम्म्यात. आधीची माझी अकरा लाखांची बिलं अडकली ती वेगळीच.

बाहेरच्यांना हे कळत नाही. साखरेचा कोटा दिल्लीतून येतो, साखरेचा किमान विक्रीदरही तिथलाच; २०१९ ला तो ३१ रुपये किलो केला. मग दोन कारखान्यांत फरक पडतो तो राज्य सरकारची थकहमी, म्हणजे कर्ज थकलं तर आम्ही भरू ही हमी, कुणाच्या कर्जाला मिळते यात. शेतकऱ्याची एफआरपी, म्हणजे उसाचा केंद्राने ठरवलेला दर, १४ दिवसांत द्यायची, थकली की साखर आयुक्त आरआरसी, म्हणजे महसुली वसुलीचा दाखला, काढतात, गाळप परवाना अडतो. आमच्या बिलांनी कुणाचा परवाना अडतो? लघुउद्योगाला ४५ दिवसांत पैसे द्या असा २००६ चा कायदा आहे. पण तक्रार केली की पुढच्या ऑफ सीझनला, गाळप बंद असताना दुरुस्तीची कामं निघतात तेव्हा, गेट बंद.

बिलं अडकलेल्या त्या दोन वर्षांत पगार निघाले ते पलूसकडच्या गुऱ्हाळवाल्या अण्णांमुळे. गुऱ्हाळाला ना गाळप परवाना, ना चेअरमन. दर श्रावणात ऊस पिळायचा चरक दुरुस्तीला घेऊन यायचे, जेवणाच्या डब्याच्या फडक्यात बांधलेल्या नोटा मोजून द्यायचे, वर गुळाची ढेप.

नव्या पोरांनो, डिलिव्हरी चलनावर (माल दिल्याच्या कागदावर) सही-शिक्का घेतल्याशिवाय रोलर गाडीत चढवू नका. फोनवरचा होकार बँक धरत नाही.

शेवटी मीही एका नेत्याच्या दारात गेलोच. त्यांनी माझ्यासमोर फोन लावला, आठव्या दिवशी चेक. पुढच्या निवडणुकीत ते पॅनेल पडलं, पाहुण्यांच्या शेडमध्ये आता खताचं गोडाऊन आहे. मी टिकलो. पण तेव्हापासून साहेबांच्या वाढदिवसाची कमान, शाळेचं गेट, मंडळाचं स्टेज माझ्याकडेच, बिल न मागता. मामा एकदाच म्हणाले, "अकरा लाख कधीच फिटले की रं."

परवा गणपतीच्या कमानीचा निरोप आला. अँगल कापायला घेतलेत.