तारूमचं कोरडं वर्षावन आणि आपलं अंजन गवत

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये तारूमजवळच्या एका गुरांच्या फार्मवर आग येऊन गेली होती. तिथल्या कोरड्या वर्षावनाच्या तुकड्याचं किती उरलं, हे पाहायला आम्ही गेलो. या रानाला तिथले लोक सॉफ्टवुड स्क्रब म्हणतात. टाउन्सव्हिलपासून न्यू साउथ वेल्सच्या उत्तर भागापर्यंत ते असंच तुकड्यातुकड्यांनी टिकून आहे आणि २००१पासून राष्ट्रीय कायद्याखाली संकटग्रस्त म्हणून नोंदलेलं आहे. खालची माती सुपीक. कुरणांसाठी त्याच्यावर आधी घाला पडला तो त्यामुळेच.

मोजणीची टेप धरून आत शिरलं की मला तिथे परकं वाटत नाही. बाटलीसारख्या फुगीर बुंध्याचे ब्रॅकिकिटन आपल्याकडे नाहीत, ते सोडा. पण पायात अडकते ती कॅरिसाची काटेरी जाळी, म्हणजे करवंदाचंच कूळ. आषाढी द्वादशीला आपण खातो त्या वाघाटीचे भाऊबंद इथे आहेत. आळंदीचा अजानवृक्ष ज्या एह्रेशिया प्रजातीतला, तिचंही एक झाड आमच्या प्लॉटमध्ये निघालं. त्याची नोंद करताना मी क्षणभर थांबलेच.

खडकाळ उताराकडची झाडी शाबूत होती. दाट सावलीत गवत उगवत नाही, दगडांत जळायला फारसं काही नसतं, त्यामुळे तिथे आग काठावरच विझते. कुरणाच्या बाजूला मात्र काठाची झाडं उभीच्या उभी करपली होती, आणि त्यांच्या बुडाशी नव्याने फुटलेलं बफेल गवत. हे आपलं अंजन गवत. दख्खनच्या कोरड्या माळावर गुरांना मोलाचं वाटणारं गवत इथे या रानाच्या मुळावर आलंय. ते धगधगून जळतं, काठाची झाडं मरतात, ऊन आत येतं, ऊन आलं की गवत आत सरकतं आणि पुढची आग आणखी आत पोचते. पाऊस तोच, माती तीच, पण रानाची हद्द दर आगीगणिक मागे हटते. माझ्या मते नुसत्या पावसाच्या नकाशावरून या रानाचा विस्तार कळणारच नाही.

फार्मचे मालक म्हातारे, शांत गृहस्थ. वडिलांच्या काळात दोन ट्रॅक्टरांमध्ये साखळी ओढून रान कसं पाडलं, ते त्यांनी सांगितलं. बाटलीझाडं तेवढी राखली, दुष्काळात त्यांचा गाभा गुरांना घालता येतो म्हणून. कुरणात एकटी उभी असलेली ती झाडं मी नकाशावर टिपून घेतली. एकेकाळी रान कुठवर होतं, ते त्यांच्यावरून कळतं.

"मग आता काय करू?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "आगीचा हंगाम येण्याआधी काठाचं गवत गुरांना चरू द्या. पण रानात गुरं नकोत, रोपं तुडवली जातील."

त्यांनी नकाशा बॉनेटवर पसरला. पाण्याची कुंडी कुठे हलवायची आणि विजेच्या कुंपणाची तार कुठून ओढायची, ते आम्ही पेन्सिलने आखत बसलो.