रोजच्या लिहिण्यातली शाई

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत लिहून द्यावे असे पत्र आले, तेव्हा शाळेने लावलेल्या अनेक सवयींपैकी एकीविषयीच लिहावे असे मी ठरवले, आणि ती म्हणजे शाईच्या पेनाने लिहिण्याची सवय. वरच्या वर्गांत बॉलपेनला बंदी होती. बॉलपेनने अक्षर बिघडते, असे आमच्या मराठीच्या बाईंचे ठाम मत होते आणि शुद्धलेखनाच्या वहीत बॉलपेनची एक ओळ दिसली, तरी सगळे पान पुन्हा लिहावे लागे. तेव्हा तो नियम जाचक वाटे. आज बाईंचे म्हणणे निम्मे तरी खरे होते असे वाटते. मात्र त्याचे कारण अक्षराच्या वळणात नसून बोटांच्या दाबात आहे. बॉलपेनची शाई तेलकट आणि दाट असते, टोकावरची गोळी कागदावर फिरली तरच ती उतरते आणि गोळी फिरावी म्हणून पेन जरा उभे धरून दाबावे लागते. शाईच्या पेनातली शाई पाण्यासारखी पातळ असते. निब कागदाला नुसती टेकली की ती वाहू लागते. त्यामुळे पेन कलते धरता येते, पकड सैल राहते आणि चार पाने सलग लिहिली तरी अंगठा भरून येत नाही. अक्षर सुंदर होईल याची हमी कोणतेच पेन देत नाही. गिचमिड अक्षर शाईच्या पेनानेही गिचमिडच येते, फक्त ते काढताना हात कमी दमतो.

हे पेन चालते कसे, हे मला विज्ञानाच्या तासाला कळले. केशाकर्षण, म्हणजे बारीक फटीतून द्रव आपोआप पुढे सरकणे, शिकवताना सरांनी खिशातले स्वतःचे पेन काढून टेबलावरच उघडले होते. निबेच्या मधोमध एक चीर असते आणि ती वरच्या छिद्रापासून टोकापर्यंत येते. निबेखाली एक काळा, कंगोरेदार तुकडा असतो, त्याला आम्ही पेनाची जीभ म्हणत असू. त्या जिभेच्या पोटात केसासारख्या बारीक खाचा असतात. शाई त्या खाचांतून आणि निबेच्या चिरेतून आपोआप पुढे सरकत येते, आणि जितकी शाई बाहेर पडते तितकी हवा त्याच वाटेने आत जाते. हवा आत गेली नाही तर पेन अडते, आणि जास्त गेली तर थेंब टपकतो. पेनाच्या पोटातच शाई ठेवण्याची कल्पना जुनी होती. रुमानियाच्या पेट्राखे पोएनारू यांनी अशा पेनाचे पेटंट फ्रान्समध्ये १८२७ साली घेतले होते. पण शाई आणि हवा यांची ही देवाणघेवाण भरवशाची झाली ती अमेरिकेतल्या लुइस वॉटरमन यांच्या १८८४ च्या पेटंटापासून, आणि त्यांच्या पेनाचे सगळे मर्म या जिभेतल्या खाचांतच होते. जिभेवरचे कंगोरे नक्षीसाठी नसतात. जादा आलेली शाई कागदावर न पडता त्यांच्यात थोपून राहते.

ड्रॉपरने भरायचे पेन शेवटच्या तासालाच का गळते, याचेही उत्तर तिथेच मिळाले. सकाळी भरलेल्या पेनात दुपारपर्यंत शाई कमी आणि हवा जास्त झालेली असे. हाताच्या उबेने ती हवा फुगते आणि उरलेल्या शाईला बाहेर ढकलते. असे पेन शाई संपत येण्याआधीच पुन्हा काठोकाठ भरावे, इतका साधा त्यावरचा उपाय आहे. दट्ट्याच्या किंवा कार्ट्रिजच्या पेनांना हा त्रास कमी होतो, कारण त्यांच्या पोटात हवेला मुळात जागा थोडी असते आणि कार्ट्रिजच्या पेनात शाईच्या नळीभोवती पेनाची दुसरी भिंतही असते.

पण मला खरी गोडी लागली ती पेनांपेक्षा शायांची. टीपकागदाच्या पट्टीवर काळ्या शाईचा ठिपका काढून पट्टीचे टोक पाण्यात बुडवण्याचा प्रयोग बहुतेकांनी केला असेल. पाणी वर चढू लागले की काळा ठिपका पसरतो आणि त्यातून जांभळी, निळी, पिवळसर अशी वेगवेगळी पट्टे वर निघतात, म्हणजे ज्या शाईला आपण काळी म्हणतो ती पुष्कळदा तीन-चार रंगांची मिळून झालेली असते. आजही नवी बाटली आणली की मी आधी हा प्रयोग करते आणि मगच पेन भरते. आजच्या बहुतेक शाया अशा कृत्रिम रंगद्रव्यांच्या असतात आणि त्या रंगद्रव्यांचा उगमही मोठा गमतीचा आहे. १८५६ साली विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा मुलगा डांबरापासून मिळणाऱ्या पदार्थांतून क्विनाईन बनवू पाहत होता. त्याच्या हाती लागला तो जांभळा रंग, आणि पुढच्या काळात त्या वाटेने रंगांचे एक मोठे घराणेच उभे राहिले.

त्याआधीची शाई वेगळ्या जातीची होती, आणि माझी आवडती शाई तीच आहे. ओक वृक्षावरच्या गाठींतून मिळणारे टॅनिन आणि हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, यांच्या मिश्रणातून ती होते. बाटलीत असताना ती फिकट असते. कागदावर उतरल्यावर हवेतल्या ऑक्सिजनमुळे तिच्यातल्या लोहाचे रूप बदलते आणि पाण्यात न विरघळणारा काळा पदार्थ कागदाच्या तंतूंत घट्ट बसतो. लिहितानाच अक्षर दिसावे म्हणून तिच्यात निळे रंगद्रव्य घालतात, आणि निळी-काळी या नावाची शाई मुळात अशी आली. सकाळी लिहिलेले पान संध्याकाळी उघडावे तर निळा रंग राखाडीकडे झुकलेला दिसतो आणि काही दिवसांनी तो पुरता काळसर होतो. आपण लिहून मोकळे झाल्यावरही अक्षरात काहीतरी घडत राहते, ही गोष्ट मला अजून नवी वाटते. ही शाई थोडी आम्लधर्मी असते आणि साधे पोलाद त्यामुळे गंजते. निबेसाठी सोने वापरण्याचे ते एक कारण होते, सारे काही श्रीमंतीचा थाट नव्हता. आता गंजरोधक पोलादाच्या निबाही चांगल्या टिकतात, आणि रोजच्या लिहिण्यापुरते बोलायचे तर नीट घासलेली पोलादी निब सोन्याच्या निबेपेक्षा कमी सुख देते असे मला तरी वाटत नाही.

कागदाविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. कागदावर खळ कमी असेल तर शाई तंतूंतून फुटते, अक्षराला केसाळ कडा येतात आणि मागच्या पानावर डाग उमटतात. खळ चांगली असेल तर शाई वर राहते, सुकायला वेळ घेते आणि रंग पूर्ण दिसतो. गुळगुळीत कागदावर ओल्या रेषेकडे कलत्या उजेडात पाहिले तर आधी कडा मंद होतात आणि मधली चकाकी सर्वांत शेवटी जाते. देवनागरीत आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती पाहायला भिंगही लागत नाही. शब्द लिहून झाल्यावर आपण शिरोरेघ ओढतो, तेव्हा निब प्रत्येक कान्याच्या माथ्यावरून पुन्हा जाते आणि तेवढ्या जागी शाई दुसऱ्यांदा पडते. छटा धरणाऱ्या, म्हणजे जिथे जास्त पडेल तिथे गडद दिसणाऱ्या, शाईने लिहिले, तर फिकट रेघेवर ठरावीक अंतराने गडद गाठी दिसतात; वेलांटी जिथे संपते तिथेही थोडी शाई साचते. मोडी लिहिताना आधी रेघ आखून मग तिला अक्षरे लोंबती लिहीत असत, त्यामुळे तिथेही असे सांधे पडतातच, फक्त उलट क्रमाने. रंगाची ही चढउतार बॉलपेनात जवळजवळ येतच नाही.

माझा आग्रह आहे तो हे पेन रोजच्या, बिनमहत्त्वाच्या लिहिण्यासाठी वापरण्याचा. सामानाची यादी, बैठकीची टिपणे, हिशेब, वाचताना काढलेले मुद्दे, फाडून टाकायच्या चिठ्ठ्या, हे सगळे त्यानेच लिहावे. सहीपुरते पेन जपून ठेवणाऱ्यांचे पेन नेमके सहीच्या वेळी उमटत नाही, आणि त्यात नवल काहीच नाही. बंद पेनातूनही पाणी हळूहळू उडते, शाई दाट होते आणि जिभेच्या खाचांत खर धरते. रोज लिहिणाऱ्याच्या पेनात ताजी शाई सतत वाहत असल्याने ते फारशी निगा मागत नाही. शाई बदलताना साध्या पाण्याने, पाणी स्वच्छ येईपर्यंत, ते धुवावे. गरम पाणी आणि स्पिरिट वापरू नये. चित्रकलेची न पुसणारी काळी शाई पेनात कधीच भरू नये, कारण तिच्यात काजळी आणि लाख असते आणि ती सुकली की खाचा कायमच्या बुजतात. आमच्या वर्गातल्या एकाच्या पेनाचा अंत असाच झाला होता. हल्ली मिळणाऱ्या चमकीच्या शाया मला मोहात पाडतात, पण रोजच्या पेनात मी त्या भरत नाही. चमकी तळाशी बसते आणि लिहिण्याआधी पेन हलवत बसावे लागते.

आपले पेन दुसऱ्याला लिहायला देऊ नये, निब बिघडते, असे आम्हाला बजावलेले असे. निबेच्या टोकावर अतिशय कठीण मिश्रधातूचा बारीक दाणा असतो आणि तो एखाद्याच्या सहीने झिजत नाही. बिघडते ते वेगळ्या कारणाने: बॉलपेनची सवय असलेला माणूस सवयीने दाबतो आणि निबेच्या दोन पाती फाकतात. तेव्हा पेन द्यायला हरकत नाही, फक्त देताना दाबू नका एवढे सांगावे.

या वर्षी शाळेत माजी विद्यार्थ्यांच्या अभिप्रायांसाठी मोठी वही ठेवणार असल्याचे कळले, म्हणून समितीला एक विनंती करते. धुऊन निघणारी निळी शाई दिसायला गोड असली, तरी पाण्याने पुसते आणि उजेडात विटते. ती तिथे ठेवू नये. निळी-काळी ठेवायची असेल, तर बाटलीवरचा मजकूर वाचून ती खरोखर लोहयुक्त आहे ना, हे पाहावे, कारण त्या नावाने आता नुसत्या रंगद्रव्याच्या शायाही मिळतात. इंग्लंडमध्ये जन्म आणि विवाहांच्या नोंदवह्यांत अशीच लोहयुक्त शाई वापरण्याची रीत होती, ती तिच्या टिकाऊपणामुळेच. सोबत टीपकागद ठेवावा आणि दोन पेने भरून ठेवावीत, म्हणजे एक अडले तर रांग खोळंबणार नाही.