रक्तात थोड्या दिसतात म्हणून काय झालं?

रोटाव्हायरस, म्हणजे लहान मुलांना जुलाब करणारा विषाणू, याचा धडा आला की मी टी पेशींपाशी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींपाशी, रेंगाळतेच. इंदुरात कॉलेजला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, आणि मुलांचा प्रश्न ठरलेला: "मॅडम, ॲंटीबॉडी आहेत ना, मग यांचं काय काम?"

काम मोठं आहे. जन्मतः ज्यांच्यात टी पेशी तयार होत नाहीत, अशा बाळांच्या शौचातून हा विषाणू महिनोन् महिने पडत राहू शकतो. म्हणूनच त्यांना रोटाव्हायरसची लस देत नाहीत. ती जिवंत विषाणूची असते. उंदरांत तर स्पष्ट दिसतं: पहिला संसर्ग लवकर निपटतात त्या सीडी-८ टी पेशी (विषाणू शिरलेल्या पेशींना मारणाऱ्या), पुन्हा होऊ देत नाहीत त्या मुख्यतः ॲंटीबॉडी.

माणसात मोजणं अवघड. रक्तातल्या पेशींना विषाणू दाखवायचा आणि किती टी पेशी गॅमा इंटरफेरॉन हे विषाणूविरुद्धचं इशारा-प्रथिन सोडतात ते बघायचं. जुलाबाने आजारी असलेल्या लहान मुलांत अशा पेशी फारच थोड्या सापडतात, मोठ्यांत जास्त. यावरून "मुलांच्या टी पेशी काही करतच नाहीत" म्हणणं मला मुळीच पटत नाही. तान्ह्यांचा प्रतिसाद कच्चा असेलही, पण रक्त हा या पेशींचा नुसता रस्ता आहे. रोटाव्हायरस लक्षात ठेवणाऱ्या सीडी-४ पेशींवर (या बाकीच्यांना मदत करणाऱ्या टी पेशी) अल्फा-४ बीटा-७ आणि सीसीआर-९ हे रेणू असतात. पहिला आतड्याच्या रक्तवाहिन्यांवरच्या मॅडकॅम-१ या रेणूला धरतो, दुसरा लहान आतड्याकडे ओढतो. हा पत्ता त्यांच्यावर लिहिला जातो आतड्याजवळच्या लसिकाग्रंथींत, आणि त्यासाठी लागणारं रेटिनॉइक आम्ल तिथल्या डेंड्रायटिक पेशी (टी पेशींना जंतूची ओळख करून देणाऱ्या) अ जीवनसत्त्वापासून बनवतात! दरवर्षी शिकवते, तरी इथे आले की मला भरून येतं. आता आजारी तान्ह्या बाळाच्या आतड्याचा तुकडा मोजणीसाठी कोण काढणार? म्हणून जे रक्तात दिसतं तेवढंच आपल्या हाती.

रामबागेतल्या माझ्या भावजयीने परवा विचारलं, "ताई, थेंब तिन्ही वेळा दिले, तरी बाळाला जुलाब झाले. रक्त तपासलं तर लस लागली का ते कळेल?" तिला सांगितलं, नाही गं. टी पेशी मोजून तसं सांगता येत नाही, रक्तातल्या आयजीए या प्रकारच्या ॲंटीबॉडीवरूनही अंदाजच येतो. मध्य प्रदेशात ही लस सरकारी लसीकरणात आली २०१७ मध्ये. आपल्या देशी रोटाव्हॅक लसीच्या चाचणीत पहिल्या वर्षी रोटाव्हायरसचे गंभीर जुलाब सुमारे ५६ टक्क्यांनी कमी झाले होते, म्हणजे सगळे थांबले नव्हते. शिवाय जुलाब दुसऱ्या जंतूंनीही होतात. बाळ ओआरएस पितंय, लघवी नीट होतेय, झिंक चालू आहे. ते चौदा दिवस पुरं कर, जुलाब थांबले तरी.